खांबावरचं मिग आणि बापूंचा शिक्का

"आपल्या चौकात एक मिग पाहिजे म्हणजे पाहिजेच," सुन्यानं कटिंगचा ग्लास कठड्यावर आपटत जाहीर केलं, आणि रविवारची सकाळ गेली.

सुन्या नुसता बोलून थांबणारा नव्हे. महापालिकेला द्यायचा अर्ज लिहूनच आणला होता. 26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला हवाई दलानं मिग-21 या लढाऊ विमानांना निरोप दिला, तो त्यानं दुकान बंद ठेवून टीव्हीवर पाहिला होता. 1963 मध्ये ही विमानं पहिल्यांदा हवाई दलात आली ती चंदीगडलाच, आणि 62 वर्षांनी उतरलीही तिथंच. "पण जन्म कुठला? आपल्या ओझरच्या एचएएल विमान कारखान्यातला! मग एक विमान नाशिककरांच्या वाट्याला नको? उंच खांब, त्यावर नाक वर करून, असं झेपावलेलं. खाली कारंजं."

"आणि कारंज्यात पाणी कधी?" विजूनं विचारलं. विजू शाळेत इतिहास शिकवतो. "अरे भो, पोरं खाली उभी राहून सेल्फी काढणार, कबुतरं वर बसून शिटणार. सहा महिन्यांनी त्याच खांबाला कोणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स. यात आठवण कसली? एवढाच कळवळा असेल तर विमान भंगारात घाल आणि त्या पैशात माणसांची नावं कोर."

भंगार शब्द निघाला आणि मला जुनी विक्रांत आठवली, नौदलाची विमानवाहू नौका. कॉलेजात असताना मी ती आतून पाहिली आहे. 1971 च्या युद्धात तिच्यावरून सी हॉक आणि अलीझे ही विमानं उडाली आणि तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात कॉक्स बाझार, चितगावला जाऊन भिडली. 1997 ला ती निवृत्त झाली, मुंबईत तिचं संग्रहालय झालं, 2012 ला ते धोकादायक म्हणून बंद झालं आणि 2014 ला ती तोडायला गेली. पुढं एका कंपनीनं तिचं थोडं लोखंड वापरून मोटरसायकल काढली. आमच्या गल्लीत एकानं घेतली होती. टाकीवर थाप मारून सांगायचा, "विक्रांत आहे ही." दोन वर्षांनी विकून स्कूटर घेतली.

"म्हणजे गेलीच ना ती?" सुन्या.

"जहाज गेलं. विमानं राहिली." सी हॉक, अलीझे गोव्यात बोगमाळोच्या वाटेवर नौदलाच्या विमान संग्रहालयात उभी आहेत. बीचवर जाणारे सगळे त्या फाटकावरून पुढं जातात, आत वळणारे थोडे. आपल्याकडं गोव्याला जाऊन विमान बघायचं म्हटलं तर घरचे विचित्र नजरेनं बघतात, हा स्वानुभव.

विजू मात्र पेटला होता. "ठेवायची अक्कल शत्रूला आहे. 1965 च्या युद्धात आपलं एक नॅट लढाऊ विमान पाकिस्तानात पसरूरला उतरलं. ते कराचीत त्यांच्या हवाई दलाच्या म्युझियममध्ये आहे. आपण हरवलेली वस्तू त्यांनी जपली, आणि आपण—"

"त्यांनी जपली कारण त्यांच्यासाठी ती ट्रॉफी आहे," मी म्हटलं. "आणि आपल्याकडं अक्कल नव्हती असं नाही. लिबरेटर घे."

हा माझा लाडका विषय, त्यामुळं दोघांनी मोबाईल काढले. तरी मी सांगितलंच. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा कानपूरला बी-24 लिबरेटर बॉम्बफेक्या विमानांचा ढीग पडला होता. भारतातून परत जाणाऱ्या सैन्यानं ती कोणाला पुन्हा उडवता येऊ नयेत म्हणून मुद्दाम मोडून ठेवली होती. बंगळुरूच्या एचएएलच्या लोकांनी त्या ढिगातून निवडून, एकाचं दुसऱ्याला लावून, जेमतेम उडतील एवढी दुरुस्त केली. जमशेद मुन्शी नावाचा त्यांचा टेस्ट पायलट ती बंगळुरूला उडवत घेऊन गेला. अशा विमानांत बसायला काय काळीज लागत असेल! तिथं सगळी उघडून नीट केली, आणि 1948 पासून 1968 च्या अखेरीपर्यंत हवाई दलानं ती वापरली. पुण्याच्या लोहगावहून 6 नंबरची स्क्वॉड्रन त्यांच्यातून समुद्रावर गस्त घालायची. बाकी जगानं तोवर आपापली लिबरेटर वितळवून भांडी केली होती. मग ब्रिटन, कॅनडा, अमेरिकेतल्या संग्रहालयांनी आपल्याकडून ती मागून नेली. एक दिल्लीला पालमला आहे. "म्हणजे जगात आज जी मोजकी लिबरेटर दिसतात, त्यातली कितीतरी आपल्या फिटर लोकांच्या हातची."

"आपल्या फिटर लोकांच्या," असं कोणीतरी हळूच परत म्हणालं. बापू.

बापू तेहतीस वर्षं ओझरच्या कारखान्यात होते. रोज पहाटेची बस, स्टीलचा डबा, संध्याकाळी कानात रिव्हेटचा आवाज घेऊन घरी. आम्ही त्यांना अहोजाहो करतो, ते आम्हाला पोरं म्हणतात, आणि अपघातांवरून मिगला पडलेला 'उडती शवपेटी' हा शब्द त्यांच्यासमोर काढायचा नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. सुन्याला वाटलं, आता आपल्या बाजूनं मत पडलं.

"बापू, सांगा याला. खांबावर मिग कसलं दिसेल!"

"खांबावर नको," बापू म्हणाले.

सुन्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"पंखात पाणी जातं रे. कुठून जातं ते देवाला माहीत, पण जातं. ते निघून जायला खाली बारीक भोकं ठेवलेली असतात. पण ती विमान चाकांवर सपाट उभं असेल तेव्हाच्या हिशेबानं. तू ते नाक वर, एक पंख खाली, असं टांगणार. मग भोकं एकीकडं आणि पाणी भलतीकडं. आपल्याकडं चार महिने पाऊस. स्टीलचा बोल्ट आणि ॲल्युमिनियमचा पत्रा ओले झाले की पत्रा खाल्ला जातो. मग पापुद्रे सुटतात, खारी बिस्किटासारखे. वरून दरवर्षी 26 जानेवारीच्या आधी रंगाचा हात. बाहेरून नवरदेव, आत नुसतं पांढरं पीठ."

"मग काय करायचं?"

"वर पत्रा टाकून शेड. खाली जॅकवर उचलून धरायचं म्हणजे टायरवर वजन नको. काचेवर कापड, नाहीतर उन्हानं कॅनोपी दुधी होते आणि पोरांना आतलं काही दिसत नाही. आतला तो हिरवट निळा रंग दिसला पाहिजे. आणि पावसाळा संपला की पॅनल उघडून आत बघणारा एक माणूस. दरवर्षी. इंजिन आणि वैमानिकाला बाहेर फेकणारी सीटखालची काडतुसं ते आधीच काढून देतात, त्याची काळजी नाही."

खांब आणि कारंजं यांचा खर्च सुन्यानं काढला होता. दरवर्षी आत बघणाऱ्या माणसाचा कॉलम त्याच्या अर्जात नव्हता. खरं सांगायचं तर कोणाच्याच अर्जात तो नसतो.

विजूला वाटलं, बाजी आपली. "मी तेच म्हणतोय. वस्तूच्या मागं लागू नका, नावं लिहा."

"कोणाची?" मी विचारलं.

"1971 ची. 14 डिसेंबरला मिग-21 नी ढाक्याच्या गव्हर्नर हाऊसवर रॉकेटं टाकली आणि गव्हर्नरनं राजीनामा दिला. त्याच दिवशी श्रीनगरला निर्मलजितसिंग सेखों नॅट घेऊन एकटे पाकिस्तानी सेबर विमानांना भिडले आणि गेले. हवाई दलाचं एकमेव परमवीर चक्र."

"सेखोंचं नाव देशाला पाठ आहे. अभिजित गाडगीळचं लिहिणार का?"

विजू थांबला. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ 2001 च्या सप्टेंबरात सुरतगडला मिग-21 मध्ये गेला. रात्रीचं उड्डाण. युद्ध नव्हतं. चूक वैमानिकाची ठरवली गेली, आणि त्याची आई, कविता गाडगीळ, मुलावरचा तो ठपका पुसायला उभी राहिली. वडील स्वतः हवाई दलातले निवृत्त अधिकारी. असे किती गेले सरावात, ना शत्रू समोर, ना तारीख कोणाच्या पाठ्यपुस्तकात.

"पण ते युद्धात नव्हते," विजू म्हणाला, पण त्याचा इतिहासाच्या तासाचा आवाज उतरला होता.

"वर्दी तीच होती ना?" सुन्या पहिल्यांदाच माझ्या बाजूनं बोलला.

बापू बराच वेळ ग्लासच्या तळाशी बघत होते. मग म्हणाले, "मी इन्स्पेक्शनला होतो. पॅनल बंद व्हायच्या आधी आत बघायचं, रिव्हेट मोजायचे, कागदावर आपला शिक्का. प्रत्येकाचा नंबर वेगळा. सांगाडा आमचा, इंजिन कोरापूटचं, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादचं. कुठं मिग पडल्याची बातमी आली की शॉपमध्ये कोणी कारण विचारायचं नाही. पहिला प्रश्न, विमानाचा नंबर काय. आपल्या हातातलं आहे का. नसलं की डबा उघडायचा. आणि मग लाज वाटायची, की नाही म्हणून बरं वाटलं, पण कोणाचं तरी पोरगं गेलंच की."

चहावाल्या मावशींनी न सांगता चार कटिंग आणून ठेवले. कोणी काही बोलेना.

"निरोप तुम्ही पाहिला का टीव्हीवर?" मी विचारलं.

"नाही. ओझरच्या दिशेला फिरायला गेलो होतो." बापू उठले, चप्पल शोधली. "शेड बांधलीत तर पावसाळ्यानंतर मी येऊन उघडून बघेन. गुडघे चालतात तोवर. शिडी मात्र तुमची."

सुन्यानं अर्ज मांडीवर घेतला. 'खांब' खोडून 'शेड' लिहिलं. कारंजं खोडायला त्याला जड गेलं, पण खोडलं. खाली 'नावं' असं लिहून त्यानं पुढं जागा सोडली. दोन ओळींची.

"दोन ओळी?" विजू म्हणाला. "अरे, निदान पान तरी सोड."

"कारखान्यातल्यांचीपण घालायची म्हणजे वही लागेल," सुन्या म्हणाला, आणि परत सुरू झालं.