नाव कापून पुढे पाठवणाऱ्यांनो

लेख आवडला, चार लोकांना पाठवावासा वाटला, इथपर्यंत कुणाचीच तक्रार नाही. पण पाठवायच्या आधी खालची ओळ, जिच्यात लिहिणाऱ्याचं नाव असतं, ती निवडून पुसायची कशाला? नाव राहू द्यायला काहीच करावं लागत नाही, ते असतंच तिथे. काढायलाच मेहनत लागते. बोट दाबून धरा, निळी खूण ओढत खाली न्या, शेवटच्या दोन ओळी सोडून बाकीचं उचला. एवढं सगळं चुकून होत नाही हो. ठरवून होतं. आणि ठरवून केलेल्या गोष्टीला तुम्ही 'आलं तसं पाठवलं' म्हणता तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आम्ही ऑनलाइन लिहिणारी माणसं एकमेकांशी काय बोलत असू असं लोकांना वाटतं? कथेचा शेवट जमला का, वृत्त कुठे अडखळलं, दिवाळी अंकाला काय पाठवलंस. बोलतो की हे सगळं. पण सकाळी फोन उघडला की पहिला निरोप यातला नसतोच. कुणीतरी स्क्रीनशॉट टाकलेला असतो आणि खाली एकच प्रश्न: 'हे तुझंच ना?' मग जिचा लेख तिची धावपळ सुरू. तक्रार कर, मूळ लेखाची लिंक शोध, तारीख दाखव, त्या माणसाला निरोप पाठव, त्याची मुक्ताफळं वाच. लिहायला म्हणून काढून ठेवलेला तास चोरामागे पळण्यात जातो. आमच्यातल्या एकीने तर या कटकटीला कंटाळून कथा टाकणंच बंद केलं. चांगल्या लिहायची. तिला परत लिहितं करायला आम्ही किती विनवलं! ती म्हणते, वहीत लिहीन, निदान माझ्यापाशी तरी राहील.

या चोरांची उत्तरंही ठरलेली. 'मी कुठे म्हटलं माझं आहे?' नाही म्हटलंस, पण खाली दोनशे जणांनी 'काय सुंदर लिहिता सर' म्हटलं तेव्हा हात जोडलेली चित्रं कुणी टाकली? 'विचार महत्त्वाचा, नाव नाही.' मग तुझं का टाकलंस? 'ज्ञान वाटल्याने वाढतं.' वाट ना, स्वतःचं वाट. 'तुमचंच लिखाण लोकांपर्यंत पोहोचतंय, आभार माना.' हे वाक्य ज्याने पहिल्यांदा काढलं त्याला मला एकदा समोरासमोर भेटायचंय. लिखाण पोहोचतंय, लिहिणारी नाही पोहोचत. नवी कथा आली की वाचक तिच्याकडे वळतील कसे? पुस्तक काढायचं ठरवलं तर प्रकाशकाला काय दाखवायचं, 'लेखक अज्ञात' लिहिलेले पन्नास निरोप? आणि फारच नेटाने विचारत राहिलं की ब्लॉक. चोरी ती चोरी, वर शिरजोरी.

आता जे सगळ्यात जिव्हारी लागलंय ते सांगते.

माझे वडील एसटीत कंडक्टर होते, कऱ्हाड डेपोला. त्यांच्यावर मी एक लेख लिहिला होता. तिकिटांची पत्र्याची पेटी, तिच्या कडेवर पंच आपटत गर्दीतून पुढे सरकणं, उजव्या अंगठ्याच्या मुळाशी पडलेला घट्टा, मुक्कामी गाडीवरून दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर खिशातून निघणारी कागदात बांधलेली भजी. कऱ्हाड-चिपळूण गाडीवर असताना पाटण, कोयनानगर करत गाडी हेळवाकला टेकायची, तिथे चहा, आणि पुढे कुंभार्ली घाटातलं धुकं. पावसाळ्यात समोरचं वळण दिसायचं नाही, तेव्हा ते खाली उतरून गाडीच्या पुढे चालत ड्रायव्हरकाकांना हात दाखवायचे. लेखाच्या शेवटच्या परिच्छेदात मी त्यांचं पूर्ण नाव लिहिलं होतं आणि त्यांचा बिल्ला नंबर. तो बिल्ला अजून आमच्या कपाटात आहे. आयुष्यभर लोकांनी त्यांना 'ओ मास्तर' म्हणून हाक मारली, नाव कुणी विचारलं नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं होतं.

एका गृहस्थाने तो लेख उचलला. कऱ्हाडच्या जागी बारामती केलं, चिपळूणच्या जागी फलटण, शेवटचा परिच्छेद उडवला आणि खाली स्वतःचं नाव ठोकलं. पण पूर्ण वाचायचेही कष्ट घेतले नाहीत त्याने! त्यामुळे त्याच्या लेखात बारामतीहून फलटणला निघालेली गाडी हेळवाकला चहाला थांबते आणि कुंभार्लीच्या धुक्यात शिरते. बारामती-फलटण हा सगळा सपाट रस्ता. तिथे घाट नाही, धुक्यात गाडीपुढे चालणारा कंडक्टर नाही, काही नाही. आणि खाली शेकडो लोक लिहितायत, 'बाबांना सलाम'. कुणाच्या बाबांना? जे धुक्यात चालले त्यांचं नाव तर कापून टाकलंय.

हे मला कळलं कसं, तर आत्याने पाठवलं म्हणून. 'वाच गं, किती छान लिहिलंय कुणीतरी, आपल्या दादाचीच आठवण आली.' ती फक्त नातेवाइकांच्या ग्रुपवर असते, माझा मूळ लेख तिने पाहिलेला नव्हता. स्वतःच्या सख्ख्या भावाची गोष्ट ती परक्याची म्हणून वाचून रडली. मी फोन करून सांगितलं तर आधी तिचा विश्वासच बसेना. 'अगं पण खाली त्यांचं नाव आहे ना,' म्हणाली. छापलेल्या नावावर लोकांचा असा विश्वास असतो, आणि नेमका त्याचाच हे लोक फायदा घेतात. पुढे तोच लेख कुठल्याशा सेवापूर्ती समारंभात माइकवर वाचून दाखवला गेला. त्याचा व्हिडिओही फिरत माझ्यापर्यंत आला. वाचणाऱ्याचा गळा दाटून आलाय, समोरची माणसं डोळे पुसतायत, आणि मी इथे संतापाने थरथरतेय.

आणि हे फक्त रिकामटेकड्या काकांचं काम आहे असं समजू नका. आमच्यातल्या एकाची भयकथा एका यूट्यूब वाहिनीवर पार्श्वसंगीतासकट वाचली गेली, मध्ये जाहिराती, वर्णनात लेखकाचा पत्ता नाही. त्याने विचारलं तर उत्तर मिळालं, 'आम्हाला एका श्रोत्याने पाठवली.' एकीची कविता एका साप्ताहिकात छापून आली, चौकटीत, खाली 'साभार: व्हॉट्सअॅप'. व्हॉट्सअॅप कविता करतं का? संपादक म्हणवता ना स्वतःला? ओळ शोध-खिडकीत टाकली असती तर मिनिटात मूळ कवयित्री सापडली असती. पण मग मानधन द्यावं लागलं असतं, निदान अंक तरी पाठवावा लागला असता.

दुसऱ्या टोकाला मोठ्या माणसाचं नाव चिकटवणारे. पु. ल. देशपांडे 12 जून 2000 रोजी गेले. व्हॉट्सअॅप सुरू झालं 2009 साली. तरी मोबाइलवेड्या सुनेवरचे पाचकळ विनोद 'पुलं म्हणतात' असं लिहून येतात आणि शिकली-सवरलेली माणसं 'वा, पुलं ते पुलंच' म्हणतात. यात दोघांवर अन्याय होतो. ज्याने लिहिलं त्याचं नाव गेलं, आणि पुलंच्या नावावर त्यांनी कधीच लिहिली नसती अशी वाक्यं चढली. उद्याच्या पोराने पुलं म्हणून हेच वाचायचं का?

ही खोड आजची नाही, हेही मला माहीत आहे. आपल्या संतांनी नाव शेवटच्या चरणात विणून टाकलं: तुका म्हणे, नामा म्हणे, एका जनार्दनी. मौखिक परंपरेत रचना तोंडातोंडी फिरणार, तर कर्ता तिच्या आतच असला पाहिजे. तरीही तुकोबांना चोर भेटलेच. त्यांचे अभंग आपल्या नावावर खपवणाऱ्या सालोमालोवर गाथेत अभंग आहेत ते वाचा. संतांची वचनं मोडायची, आपल्या अंगावर दागिन्यासारखी मिरवायची आणि दुसऱ्याचं ते आपलं म्हणायचं, यावर तुकोबांनी सरळ कोरडे ओढलेत. वैकुंठाची वाट सांगणाऱ्या माणसालाही आपले शब्द चोरीला गेल्याचा राग आला होता. तेव्हा मला येऊन कुणी 'ताई, इतकं काय मनाला लावून घेता' असं शिकवू नका. लावून घेणार.

तंत्राचं म्हणाल तर, व्हॉट्सअॅपने भारतात 2018 मध्ये एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली, 2020 मध्ये फार फिरलेल्या संदेशांना एका वेळी एकच ठिकाण ठेवलं. त्यावर दुहेरी बाणाची खूणही येते. पण मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला की बाण गेला, मर्यादा गेली, आणि पाठवणारा जणू आत्ताच लिहून उठला! आता तर एआयला सांगून चार शब्द फिरवून घेतात, म्हणजे शोधूनही सापडायला नको. फेसबुकवर निदान तक्रार करून पोस्ट काढायला लावता येते. ग्रुपाग्रुपांतून फिरणारं कुठे कुठे शोधणार?

मग आम्हालाच उपदेश. नाव मध्येच टाका. टाकलं, ते वाक्यही उडवतात. लेखाचं चित्र करून टाका, वर फिकट अक्षरांत नाव घाला. केलं तेही. तर माझी एक नियमित वाचक आहे, तिला दिसत नाही, ती फोनकडून लेख वाचून घेते. तिचा निरोप आला, 'ताई, हल्ली तुमचे लेख माझा फोन वाचत नाही.' कसा वाचेल? चित्रातली अक्षरं त्याला नीट वाचता येत नाहीत. चोरांपायी मी माझ्या हक्काच्या वाचकाच्या तोंडावर दार लावायचं का? मी चित्रं बंद केली. माझे लेख अक्षरांतच येतील.

कायद्याचंही ऐका, कारण 'नेटवरचं सगळं फुकट' असं छातीठोकपणे सांगणारे वकीलसुद्धा मला भेटलेत. 1957 चा कॉपीराइट कायदा आहे. लिहिल्या क्षणी हक्क लिहिणाऱ्याचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. लेखक हयात असेपर्यंत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं तो हक्क टिकतो. कलम 57 म्हणतं की ही कृती माझी आहे असं सांगण्याचा आणि तिची मोडतोड करून माझ्या प्रतिष्ठेला धक्का लावला तर दाद मागण्याचा हक्क लेखकाला आहे, अगदी त्याने बाकीचे हक्क विकून टाकले असले तरी. कलम 63 खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड. धंद्यासाठी केलेलं नसेल तर न्यायालय कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतं, तेवढीच काय ती सवलत. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं स्पष्ट केलं. म्हणजे कागदावर सगळं आहे. पण हा कागद घेऊन पोलीस ठाण्यात गेलं की समोरचा विचारतो, 'मॅडम, पैसे किती गेले?' पैसे गेले नाहीत म्हटलं की पेन खाली. बाप गेलाय माझा, लेखात तेवढाच उरला होता, हे कुठल्या रकान्यात भरायचं?

आणि जे स्वतः चोरत नाहीत पण 'असू दे, जाऊ दे' म्हणतात, त्यांचाही मला तितकाच राग आहे. ग्रुपवर कुणी तरी म्हणतं, हा लेख अमक्या बाईंचा आहे. लगेच चार जण धावून येतात, ग्रुपचं वातावरण बिघडवू नका. चोराने नाही बिघडवलं, नाव सांगणाऱ्याने बिघडवलं! त्याच ग्रुपवर कुणाचा आंबा-पेटीचा हिशेब दहा रुपयांनी चुकला तर तीन दिवस वाद चालतो. लिहिणाऱ्याचे महिनाभराचे कष्ट मात्र सार्वजनिक मालमत्ता. नाव माहीत नसेल तर शोधा. शोधून सापडत नसेल तर विचारा, 'कुणाचं आहे माहीत आहे का?' नाहीच मिळालं तर पाठवू नका. नाही पाठवलं तर काही बिघडत नाही कुणाचं.

त्या बारामतीवाल्या गृहस्थांना मी मूळ लेखाची लिंक पाठवली, वडिलांचा वर्दीतला फोटो पाठवला, बिल्ल्याचा फोटो पाठवला. नीट, सभ्य शब्दांत विनंती केली की चूक दुरुस्त करा आणि शेवटचा परिच्छेद परत लावा. त्यांनी मला ब्लॉक केलं. आज सकाळी मैत्रिणीने तिच्या खात्यावरून बघून स्क्रीनशॉट पाठवला. पोस्ट तशीच आहे, हेळवाकच्या चहासकट. बदल एकच केलाय: स्वतःच्या नावाच्या आधी 'संकलन' लिहिलंय. माझ्या बापाच्या अंगठ्यावरचा घट्टा यांनी संकलित केला! साहेब, लेखाची नोंदणी करायला 500 रुपये लागतात, ते मी आज भरलेत. सोमवारी वकिलांकडे जाते आहे. नोटीस तुमच्या नावाने येईल, पूर्ण नावाने, आणि त्यातलं एक अक्षरही मी कापणार नाही.