वार पडल्यानंतरचा तास

बाळंतपणातल्या गुंतागुंतींवरचा तुमचा लेख वाचला; त्यातली सगळी चर्चा सिझेरियनभोवतीच फिरली आहे. मी लेबर रूममध्ये सव्वीस वर्षं नर्स होते. मला धडकी भरायची ती बाळ रडल्यानंतरच्या रक्तस्रावाची. बाहेर नातेवाईक पेढ्यांच्या गडबडीत आणि आत वार (प्लॅसेंटा) पडूनही गर्भाशय ढिलंच, आकसायचं नाव नाही, म्हणून रक्तही थांबत नाही.

आम्ही रक्त नजरेनेच मोजायचो, चादर किती भिजली त्यावरून. तो अंदाज बहुतेक वेळा कमीच निघायचा. आता बाईच्या खाली मापाच्या खुणा असलेली प्लॅस्टिकची पिशवी लावता येते. 2023 मध्ये केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या रुग्णालयांचा मोठा अभ्यास आला. त्यातली पद्धत अशी: पिशवीने मोजायचं आणि धोका दिसताच गर्भाशय चोळणं, ऑक्सिटोसिन (गर्भाशय आकसवणारं औषध), ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड (रक्तस्राव आटोक्यात आणणारं औषध), सलाईन, तपासणी हे सगळं एकदमच सुरू करायचं. एक करून वाट बघत बसायचं नाही. गंभीर रक्तस्राव, त्यासाठीचं पोटाचं ऑपरेशन किंवा मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण 60 टक्क्यांनी घटलं. महागडं मशीन एकही नाही!

ऑक्सिटोसिन मात्र 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं. लोडशेडिंगच्या दिवसांत आमच्या फ्रिजमधल्या अँप्यूलमध्ये किती जोर उरायचा, देव जाणे.

आणि खाली प्रतिक्रियांत ज्यांनी ‘पूर्वी घरीच व्हायची की बाळंतपणं’ असं लिहिलंय, त्यांना एवढंच सांगते: माझी सख्खी मावशी घरीच गेली, वार अडकून. आजी शेवटपर्यंत ‘दृष्ट लागली’ म्हणायची.