ऑनलाइन कोर्स केला म्हणून टॅक्स क्रेडिट बुडत नाही

अमेरिकेत रिटर्न भरायचे दिवस आले की एक फॉरवर्ड हमखास येतो: ‘ऑनलाइन कोर्सला शिक्षणाचं क्रेडिट नाही, वर्गात बसणाऱ्यालाच मिळतं. १०९८-टी आला नाही तर विषय संपला. आला तर २,५०० डॉलर पक्के.’ क्रेडिट म्हणजे करातून थेट वजा होणारी रक्कम; शिक्षणासाठी अशी दोन आहेत, अमेरिकन ऑपर्च्युनिटी आणि लाइफटाइम लर्निंग. १०९८-टी म्हणजे कॉलेज पाठवतं तो फीचा फॉर्म.

वर्गाचं आधी. आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं कर खातं, बघतं ती शिकवणारी संस्था. ती अमेरिकी शिक्षण खात्याच्या विद्यार्थी-मदत योजनांना पात्र हवी, बस. जॉर्जिया टेकचं कॉम्प्युटर सायन्सचं ऑनलाइन मास्टर्स घरबसल्या होतं, तरी त्याची फी लाइफटाइम लर्निंग क्रेडिटला चालते. युडेमी या कोर्स विकणाऱ्या साइटवरचा कोर्स कितीही कामाचा असो, युडेमी अशी संस्था नाही, म्हणून शून्य. घोळ होतो कोर्सेरा या दुसऱ्या कोर्स साइटवर. त्यांनाच पैसे देऊन घेतलेलं सर्टिफिकेट चालत नाही; तिथूनच शिकवली जाणारी इलिनॉय विद्यापीठाची पदवी, फी विद्यापीठाकडे भरलेली, चालते. पैसे भरण्याआधीच फेडरल स्कूल कोडच्या, म्हणजे अशा पात्र संस्थांच्या, यादीत नाव शोधा.

१०९८-टी बहुतेकांना लागतोच. पण ज्या कोर्सला अॅकॅडेमिक क्रेडिट नाही (म्हणजे तो पदवीत मोजला जात नाही), त्यासाठी तो देणं कॉलेजवर बंधनकारक नाही. नोकरीतलं कौशल्य वाढवणारा कम्युनिटी कॉलेजचा असा कोर्स लाइफटाइममध्ये बसतो. फीची पावती आणि नोंदणीचा पुरावा मात्र जपून ठेवा.

‘२,५०० पक्के’ हा भाग सर्वांत घातक. तो आकडा अमेरिकन ऑपर्च्युनिटीचा: कॉलेजची पहिली चार वर्षं, पदवीसारखा अभ्यासक्रम, निदान अर्धवेळ प्रवेश, पहिल्या २,००० डॉलरचे १०० टक्के, पुढच्या २,००० चे २५. मास्टर्सवाल्यांना सहसा लाइफटाइमच उरतं: १०,००० पर्यंतच्या खर्चाच्या २० टक्के, अख्ख्या रिटर्नवर मिळून कमाल २,०००, आणि कर शून्यावर आला की उरलेलं हातात पडत नाही. शिवाय दोन्ही क्रेडिटं एकट्याच्या ८०,००० उत्पन्नापासून घटत ९०,००० ला संपतात, संयुक्त रिटर्नवर १,६०,००० ते १,८०,०००. दोघंही आयटीत असलेलं घर इथेच गळतं. नवरा-बायकोने वेगवेगळं भरूनही उपयोग नाही. तसं भरणाऱ्या विवाहितांना क्रेडिटच नाही.

कंपनी फी परत देत असेल तर आणखी जपा. ६,००० पैकी ५,२५० करमुक्त मिळाले, तर हिशेबाला उरतात ७५० आणि क्रेडिट होतं १५०. १०९८-टीच्या बॉक्स १ मध्ये मात्र ६,००० च दिसतात, आणि लोक तोच आकडा क्रेडिट मागायच्या फॉर्म ८८६३ वर उतरवतात.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर नव्याने आलेली मुलं पहिली पाच कॅलेंडर वर्षं करासाठी सहसा नॉनरेसिडेंट (अनिवासी) धरली जातात. १०४०-एनआर हा अनिवासींचा रिटर्न भरणाऱ्याला यातलं कुठलंच क्रेडिट नाही, मग तो रोज पहिल्या बाकावर का बसेना.