मागच्या चाकाने तोंड उघडलं तर

गाडीच्या मागच्या चाकातून आवाज येतोय? अभिनंदन. पंधरा दिवस पुरेल असा विषय मिळालाय, तो दोन मिनिटांत संपवू नका.

म्हणून आधीच सांगतो, गाडी डबल स्टँडवर घेऊ नका. घेतलीत की न्यूट्रल करून चाक हाताने फिरवायचा मोह होतो आणि सगळं बिंग फुटतं. चाक खरखरत फिरलं, टायर धरून हलवल्यावर डुगडुगलं, की बेअरिंग. चेन लोंबकळताना दिसली, की चेन. आणि टायरच्या खाचेत खडी रुतलेली निघाली, तर संपलंच. टपरीवर काय सांगणार, खडा होता?

चालवतानाही कान देऊ नका. वेगाबरोबर चढत जाणारी घूंऽघूं बहुधा बेअरिंगची, ब्रेक दाबला की उमटणारी चिरचिर ब्रेक शूची. असले फरक कळू लागले की मेकॅनिकशी नेमकं बोलावं लागतं. त्यापेक्षा ‘कसलातरी आवाज येतोय’ म्हणावं. कसला? ‘विचित्र.’ तो चक्कर मारून येईल. त्याच्या हातात गाडी गुपचूप चालते, हा तिचा जुना स्वभाव आहे. बेअरिंग खरंच गेलं असेल, तर कात्रजच्या घाटात चाक स्वतःच खुलासा करेल.

आता तज्ज्ञ. चेतक आडवी करून किक मारलेल्या पिढीतले एक काका प्रत्येक सोसायटीत असतातच. त्यांना खाली बोलवा. ते बजाजच्या आकुर्डीच्या कारखान्यापासून सुरू करून कार्बोरेटरवर येतील. आवाज मागून येतोय, ही आठवण करून देऊ नका. वयाचा मान राखावा.

मग त्यांच्याच आग्रहाने नाना पेठ गाठा आणि बेअरिंग घ्या. (गाडी लावायला जागा शोधताना आवाजाची चार प्रात्यक्षिकं होतात, ती फुकट.) बेअरिंग बदला. आवाज तसाच. चेन-स्प्रॉकेटचा अख्खा सेट बदला. तसाच. काका म्हणतील, ‘मी तेव्हाच म्हटलं होतं.’ काय म्हटलं होतं, ते विचारू नये.

आणि एक दिवस टिळक रस्त्यावर, सिग्नलला, मागे बसलेली आई म्हणेल, ‘अरे, हे साडीगार्ड केव्हाचं खडखडतंय. मी पाय टेकवला की थांबतं.’

एकच स्क्रू ढिला असतो. आवळू नका. काकांना काय सांगणार?