‘बर्सर्क’ बंद पडलेली नाही
‘लेखक गेले, मालिका अर्धवट संपली, वाचायला घेऊच नका’ असा ‘बर्सर्क’ या जपानी चित्रकथा (मांगा) मालिकेबद्दलचा मजकूर पुन्हा फिरतोय. तिचे लेखक-चित्रकार केंतारो मिउरा ६ मे २०२१ रोजी वारले, एवढंच त्यात खरं. जून २०२२मध्ये ‘यंग ॲनिमल’ या नियतकालिकात मालिका पुन्हा सुरू झाली. चित्रं मिउरांच्याच सहायकांचा स्टुडिओ गागा काढतो, देखरेख कोजी मोरी यांची. मोरी हे मिउरांचे शाळेपासूनचे मित्र. शेवटापर्यंतचं कथानक त्यांनी मिउरांच्याच तोंडून ऐकलं होतं. जे नीट आठवत नाही ते पदरचं घालणार नाही, असं त्यांनी आधीच जाहीर केलंय. रेषेतला फरक जाणवतो का? मला जाणवतो. पण ‘बंद पडली’ म्हणणं ही निव्वळ अफवा आहे.