बेअरिंग मागू नका, शोभत नाही

घरात फ्रंट लोड वॉशिंग मशीन असेल, तर मनःशांतीसाठी या सूचना पाळा.

घेताना मशीनची किंमत विचारू नका, दाराच्या लॉकची विचारा. सेल्समन हसेल. तुम्हीही हसून घ्या, पुढे संधी मिळत नाही.

व्हिजिट चार्ज मुकाट्याने द्या. माणूस येण्याचे पैसे वेगळे, त्याने ‘होणार नाही’ म्हणण्याचे त्यातच.

एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, जरूर घ्या. जे बिघडतं ते सोडून सगळं त्यात येतं.

स्पिनला घरघर सुरू झाली, तर ‘बेअरिंग गेलं’ असं चुकूनही म्हणू नका. मी म्हणालो. कंपनीच्या माणसाने कीव केल्यासारखं पाहिलं. “सर, बेअरिंग सुटं येत नाही. टब असेंब्ली टाकावी लागेल.” आकडा ऐकला, तर जवळपास निम्म्या मशीनचा! कारण काय, तर टबचे दोन भाग कारखान्यातच वितळवून जोडलेत. पूर्वी तिथे स्क्रू असायचे. आतलं बेअरिंग साधं ६२०६ नंबरचं, ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये काही शे रुपयांत मिळतं. आमच्या घोडबंदरच्या नाक्यावरचा मेकॅनिक हेक्सॉ ब्लेडने टब कापतो, बेअरिंग बदलतो, सिलिकॉन भरून स्क्रूने आवळून देतो. म्हणजे करता येतं! नाक्यावर येतं, कंपनीला येत नाही? आणि त्याचा हात लागला की वॉरंटी रद्द.

जुना पार्ट मागू नका. तो कंपनीवाले घेऊन जातात.

सरकारवर विश्वास ठेवा. डिसेंबर २०२२ पासून राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल आहे. कायदा नाही, पोर्टल. सुटे भाग बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत म्हणून स्पर्धा आयोगाने २०१४ साली चौदा कार कंपन्यांना अडीच हजार कोटींवर दंड ठोकला होता. प्रकरण अर्थातच अपिलात गेलं. वॉशिंग मशीनवाल्यांना घाबरायचं कारण काय?

बास झालं. अहो कंपनीवाले, मोटरवर दहा वर्षांची वॉरंटी असा स्टिकर लावता, कारण मोटर सहसा जळत नाही हे तुम्हाला पक्कं ठाऊक असतं. झिजणार ते बेअरिंग, सडणार तो सील, आणि नेमके तेच बंद करून ठेवता. हा काय धंदा झाला? ही अडवणूक आहे. बेअरिंग सुटं विका. प्रत्येक पार्टची किंमत वेबसाइटवर टाका, माणूस दारात उभा राहिल्यावर सांगू नका. आणि टबला परत स्क्रू लावा, त्याने तुमचं दिवाळं निघणार नाही.