टीएसएच नॉर्मल आलं म्हणून घशातला गोळा खोटा ठरत नाही

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: घशात गोळा अडकल्यासारखं वाटतं ते अ‍ॅसिडिटीने, नाहीतर ‘घरात बसून विचार करत राहिल्याने’, काकूंचं टीएसएच (थायरॉइडची नेहमीची रक्ततपासणी) २.८, म्हणजे नॉर्मल आलंय, म्हणजे थायरॉइडचा प्रश्नच मिटला. आणि मी थायरॉइडच्या सुजेबद्दल लिहून बायकांना उगाच लॅबच्या दारात उभं करते.

अ‍ॅसिडिटीबद्दल आपलं दुमत नाही. घशाशी येणारं आम्ल हे या तक्रारीचं अगदी नेहमीचं कारण आहे. पण टीएसएच नॉर्मल म्हणून थायरॉइडकडे बघायचंच नाही, हे मला मान्य नाही. ग्रंथीचं काम पुरेसं चाललंय का, एवढंच तो आकडा सांगतो. ती सुजली आहे का, तिच्यात गाठ आहे का, हे त्यातून कळत नाही. जपानच्या हकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेल्या थायरॉइडच्या दाहात (सुजेत) शरीराच्याच संरक्षक पेशी ग्रंथीत शिरतात, आणि तरीही टीएसएच कित्येकदा वर्षानुवर्षं नॉर्मल राहतं. तेव्हा अँटी-टीपीओ ही वेगळी रक्ततपासणी आणि गळ्याची सोनोग्राफी यांतून अंदाज येतो. माझंही टीएसएच नॉर्मलच होतं. टिळक रस्त्यावरच्या एका सेंटरमध्ये डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवलं: निरोगी ग्रंथी एकसारखी करडी दिसते, माझी काळपट आणि खडबडीत होती, मधूनमधून पांढऱ्या रेघा.

आता थायरॉइड असते कुठे ते बघा. श्वासनळीला पुढून बिलगलेली, आणि श्वासनळीच्या मागे लगेच अन्ननलिका. काकूंना उजेडात आरशासमोर मान थोडी मागे करून पाण्याचा घोट घ्यायला सांगा. गिळताना कंठाच्या खालचा भाग वर सरकून परत खाली येतो, त्यात थायरॉइडही असते. म्हणजे दिवसभरातल्या प्रत्येक आवंढ्याला ती हलते. अशी ग्रंथी सुजली तर गिळताना तिथे काहीतरी आहे असं वाटणं साहजिक आहे. मोठ्या गाठींसाठी थायरॉइड काढावी लागलेल्या बऱ्याच रुग्णांचा हा गोळा ऑपरेशननंतर गेल्याच्या नोंदी आहेत. म्हणून काकूंना ऑपरेशन लागेल असं मुळीच नाही, पण संबंध आहे तो आहे.

उलट बाजूही सांगते, कारण तुमची काळजी रास्त आहे. सोनोग्राफीत बारीक गाठी कितीतरी जणांना दिसतात आणि त्यांचा घशाशी काही संबंध नसतो. म्हणून मी सरसकट सोनोग्राफी करा असं म्हणत नाही. आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी मान हाताने तपासावी आणि घसा आतून बघावा, पुढचं त्यांनी ठरवावं.

‘विचार करत राहिल्याने’ हे मात्र मला फार लागलं. ताणाने ही तक्रार वाढते, हे खरं. पण शतकानुशतकं ती हिस्टेरिया म्हणून बायकांच्या माथी मारली गेली. १९६८ मध्ये माल्कमसन नावाच्या डॉक्टरांनी ते लेबल काढून टाकायला सुचवलं, कारण बहुतेक रुग्णांमध्ये हिस्टेरिया नव्हताच. काकू सांगतात ते त्यांना खरोखर जाणवतंय, एवढं आधी मान्य करा.

जेवताना बरं वाटतं आणि नुसती थुंकी गिळताना गोळा जाणवतो, असं असेल तर घाई नाही. पण घास खरोखर अडकत असेल, वजन उतरत असेल, आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसला असेल किंवा गळ्याला गाठ लागत असेल, तर याच आठवड्यात दाखवा. ताप येऊन गळ्याचा पुढचा भाग दुखत असेल तर तो थायरॉइडचा दाह वेगळा, त्याचं औषधही वेगळं.

आणि काकू केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असतील तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना आणि लॅबला तसं सांगा. त्या गोळ्यांमुळे थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात, ते २.८ सुद्धा.